मुद्दा क्रमांक सात

वेंगुर्ल्याच्या विश्रामगृहात समिती बसली तेव्हा
मी कोपऱ्यात, इतिवृत्त लिहायला.
पंखा दोनवर. खिडकीतून दिसणाऱ्या बंदरात
झापांनी शाकारलेल्या होड्या,
आणि टेबलावर कायद्यातले आठवडे:
वीस, चोवीस,
त्यापुढे मंडळाचं मत.

अध्यक्ष म्हणाले, सुधारणा हवीच, पण घाई नको.
परुळेकर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घाई कुणाला?
ते कुणाला ऐकू आलं नाही, असं ठरलं.
आमदार म्हणाले, व्यक्तिशः मी बाजूने आहे हो,
पण जत्रेत गाऱ्हाण्याला मला पुढे उभं राहावं लागतं.

(गेल्या शिमग्यात रात्री साडेअकराला,
साहेबांचा फोन लागेना म्हणून मला विचारलं होतं त्यांनी
बेळगावातल्या एका दवाखान्याचं नाव.
'ओळखीतल्या मुलीसाठी.' मी दिलं.
आज त्यांनी मला ओळखलं नाही.
बरंच केलं.)

सुगंधा गिरप दहापासून व्हरांड्यात बसलेली.
तिला आत घेतलं पावणेदोनला,
सोलकढीचे पेले मांडता मांडता.
थोडक्यात सांगा, म्हणाले.

"आठवडे माका मोजूक येनत नाय.
घोव बोटीर गेलो त्या दिसापासून मोजलंय.
उभादांडा, सावंतवाडी, ओरोस, मगे बांबोळी.
खयंय गेलंय तरी एक सही कमी,
आणि सहीक चार चार दिस.
मी उशीर करूक नाय, सायबानू.
उशीर तुमच्या बाकड्यार बसान झालो."

कुणीतरी पेल्यावरची माशी वारली.
सचिवांनी माझ्याकडे न बघता सांगितलं,
भावनांची नोंद घ्या.

भावना कशा लिहितात, ते कार्यालयीन पुस्तिकेत नाही.
मी लिहिलं: मुद्दा क्रमांक सात, सविस्तर चर्चा झाली,
पुढील बैठकीत ठेवण्यात यावा.
पुढील बैठकीची तारीख नव्हती.
समोरच्या दर्यावरसुद्धा बंदी आहे,
पण तिला एकतीस जुलै आहे.

संध्याकाळी सुगंधाचं प्रवासभत्त्याचं बिल भरलं,
एस.टी.चे जाऊन येऊन चोवीस रुपये.
'प्रवासाचे कारण' या रकान्याला जागा बोटभर.
काय लिहू, विचारलं.
ती टोपली उचलत म्हणाली,
"लिव गे बाय, सांगूक इल्लंय."

लिहिलं तसंच.
पंधरवड्याने लेखा शाखेने बिल परत पाठवलं.
शेरा लाल शाईत:
कारण स्पष्ट नाही.