आडवी रेघ

कंट्रोलच्या कागदावर तीस वर्षं गाड्या काढल्या मी
शिसपेन्सिलीनं, नागपूर ते इटारसी.
वेळ आडवी, स्टेशनं उभी.
धावणारी गाडी म्हणजे तिरकी रेघ,
उभी असलेली गाडी म्हणजे आडवी.
एवढंच शास्त्र.

त्याच कागदांचा एक गठ्ठा उरला होता घरी.
त्यावर आज इटली काढतोय.
बेसा रोड, मे महिना, पंचेचाळीस अंश,
कूलरला नवा वाळा,
आणि सात रात्री.
आठ होत्या. एक विमानातच जाते,
हे उत्पलानं फोनवर दोनदा समजावलं.

डावीकडे लिहीत गेलो वरून खाली:
मिलान, व्हेनिस, फ्लॉरेन्स, पिसा, रोम, नेपल्स.
मग विशाखानं चष्मा लावला
आणि तळाशी आपल्या हातानं लिहिलं, पॉम्पेई.
"राखेत गाडलेलं गाव.
सत्तावीस वर्षं शिकवलं पोरींना,
पुस्तकातलं चित्र दाखवून दाखवून."

सात रात्री, सात स्टेशनं.
रेघ ओढून पाहिली तर
नुसता उतार.
आडवी म्हणावी अशी जागा
पेन्सिलीच्या टोकाएवढीही नाही.

शेजारचे देवतळे जाऊन आले मागच्या वर्षी,
नऊ दिवसांत पाच देश.
फोटो दाखवताना अडखळतात:
"हे... हे बहुतेक ते पाण्यावरचं गाव."
त्यांची बायको आतून म्हणते,
"पाण्यावरचं नाही जी, तिथं पाऊस होता."

आमच्या हापिसात अर्जांच्या फायली असायच्या.
काटोलला थांबा द्या, नरखेडला द्या,
पांढुर्ण्याला द्या, दोनच मिनिटं द्या.
निर्णय वरचे घ्यायचे,
पण साहेब मला म्हणायचे,
दोन मिनिटं कधी दोन नसतात.
गाडी मंदावते, थांबते, पुन्हा वेग धरते,
आठ जातात.

तेच विशाखाला सांगितलं.
पिसा म्हणजे नुसता कललेला मनोरा नाही बाई,
बॅग भरणं आहे, खोली सोडणं आहे,
बॅगेच्या कुलपाचा आकडा विसरणं आहे,
तुझा गुडघा, माझी बीपीची गोळी.

ती म्हणाली, "काहून जी,
धाराखोह विसरले का तुमी?"

धाराखोह.
लग्नाला वर्ष झालं होतं. सांची पाहायला निघालो
आणि घाटात पुढची मालगाडी रुळावरून उतरली.
चार तास.
एक बाई पळसाच्या पानांवर सीताफळं घेऊन बसली होती.
बिया आम्ही मोजून रुमालात ठेवल्या, कशासाठी कोण जाणे.
तिथं विशाखा मला म्हणाली
की तुमचा हा चॉकलेटी शर्ट मला मुळीच आवडत नाही.
तोवर आम्ही एकमेकांशी
पाहुण्यांसारखे बोलत होतो.

सांचीचं विचाराल तर
मला चपला कुठं काढल्या तेवढं आठवतं.

खोडरबर घेतलं.
मिलान गेलं. पिसा गेला, फ्लॉरेन्स गेलं
(ते तर मला नीट उच्चारताही येत नव्हतं).
पॉम्पेईला हात लावायची माझी छाती नव्हती,
म्हणून नेपल्स वाचलं, मुक्कामाला.
व्हेनिस पुसलं तेव्हा उत्पला फोनवर ओरडली,
"बाबा! व्हेनिस न पाहता इटली? लोक काय म्हणतील?"
लोक म्हणजे आमच्याकडे देवतळे.

मग रोमच्या पुढं, पट्टी न लावता,
आडवी रेघ ओढली,
चार रात्री लांब.
हात थोडा थरथरला, सवयीनं.
अशी रेघ दिसली की पूर्वी फोन वाजायचा,
गाडी उभी का?
पाच मिनिटं वाट पाहिली.
वाजला नाही.

विशाखा कागदावर वाकली होती.
मला दाबून लिहायची सवय,
पुसलं तरी अक्षराची खाच राहते.
मिलानच्या खालच्या ओळीवर
तिचं बोट फिरत होतं, सावकाश,
डावीकडून उजवीकडे.
मी पेन्सिलीला टोक करायला घेतलं.