लाइन गेली तेव्हा

माझं दुकान सक्करदऱ्यात. कूलरच्या मोटारी भरतो.
मार्च ते जून नखांत वार्निश, शर्टाला वाळ्याचा वास.
गोटमारे सर पहिल्यांदा आले
तेव्हा हातात पीव्हीसी पाइपचा तुकडा आणि काळी केबल.
"बारा वेढे. एकावर एक चढता कामा नये."
मी म्हटलं, हे फिरणार काय जी?
"फिरणार नाही," म्हणाले. "बोलणार."

असा मी क्लबात शिरलो.
परवाना नाही. परीक्षेला दर वर्षी सीझन आडवा येतो.
माइकला हात लावत नाही, पण तार माझी.

एकेका बाजूला दहा मीटर सात सेंटिमीटर,
आणि वर वीतभर, कारण कापलेली तार वाढत नाही.
असं निशिगंधा मेश्राम म्हणते. पक्कड तिच्याच हातात असते.
कडुलिंबावरून दोर टाकायला गलोल, नट आणि झाड्यांचा यश.
पहिला नट उमाठ्यांच्या टाकीवर वाजला.
दुसऱ्यानं वटवाघळं उठली.
तिसरा गेला, आणि खाली कोणीतरी म्हणालं,
"काय करून राह्यले बे हे लोक?"

दिशेवरून तासभर भांडण.
इर्शादभाईंना पूर्व-पश्चिम, सरांना उत्तर-दक्षिण.
झिरो माइलच्या गावात हा प्रश्नच चुकीचा,
इथून समुद्र कुठेही जा, लांबच.
शेवटी तार तिकडे गेली
जिकडे तिला बांधायला खांब होता.

मीटरचा काटा तीनावर.
निशिगंधा शिडी चढली, चार बोटं कापली. अडीच.
पुन्हा. दीड.
"राहू दे आता," सर म्हणाले.
ती तरी चढली.
एक पॉइंट दोन.
कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. इर्शादभाईंनी चहाचा थर्मास उघडला.

मग रेडिओ लावला, आणि नुसती गुरगुर.
सात मेगाहर्ट्झवर अख्खं सक्करदरा घोरत होतं.
मोटारींचा नाही हा आवाज, रेग्युलेटरचा.
सगळे माझ्याकडे बघायला लागले.
दीडशे तरी मीच बसवलेत या सीझनला,
स्वस्तातले, डब्यात चार भाग कमी असलेले.
मी थर्मासचं झाकण घट्ट करत बसलो.

दहा चाळीसला लाइन गेली.
गल्लीभर एकच ओरड, "गेली रे!"
ताट्यांतून पाणी टपकायला लागलं, पोरं रडायला लागली.
आमचा रेडिओ यशच्या बापाच्या ई-रिक्षाच्या बॅटरीवर.
कढईखालचा गॅस बंद करावा तशी गुरगुर बसली
आणि तळाशी,
सुईनं पत्रा टोचावा तसं,
कोणीतरी.

सरांनी एकतीस वर्षं तारघरात काढली.
लग्नाच्या पत्रिकेच्या मागे लिहीत गेले, पेन उचललं नाही.
ओम्स्क. नाव ग्रिशा. तापमान चार.
सरांनी चावीवर आमचं पाठवलं: एकोणचाळीस.
तिकडून प्रश्नचिन्ह.
पुन्हा पाठवलं, सावकाश. तीन. नऊ.
बराच वेळ काहीच नाही.
मग ग्रिशा काहीतरी सांगायला लागला, लांबलचक,
सरांचा ओठ हलत होता,

आणि लाइन आली.
गल्लीनं टाळ्या वाजवल्या.
गच्चीवर आम्ही पाच जण, "अरे!"

त्या गुरगुरीत मला एक ओळखू आला.
मधेच अडखळणारा, दुसऱ्या नंबरवर ठेवलेला:
बोरकुट्यांचा. त्यांची आई दम्याची,
दोन रात्री जागी होती म्हणे.
उद्या जाऊन त्यात एक कॅपॅसिटर टाकतो. पैसे नाही घेत.
उद्या मात्र. आज झोपू दे.

सर अजून चावी दाबत होते.
यश म्हणाला, सर, काहीच ऐकू येत नाही ना आता.
"आपल्याला," सर म्हणाले.
"त्याच्याकडे कुठे आहेत कूलर?"