परत न केलेलं

दिलावर शिकलगारनं काटा फरशीवर ठेवला,
आकडे लाल, मिचमिचणारे.
बारा रुपये किलो, पुठ्ठा वेगळा, म्हणाला,
आणि जाड बांधणीची पाठ
गुडघ्यावर दाबून मोडली,
ऊस मोडावा तशी.

खोटं कशाला बोलू, मला टॅबच बरा.
बोटानं ताणलं की अक्षर मोठं होतं.
वाळवी नाही, कुबट वास नाही,
एकोणीसच्या पुरात गठ्ठे माळ्यावर चढवताना
धरलेली कंबर नाही.

ह्यांचं वाचन लेथवरनं आल्यावरचं.
उद्यमनगरातनं घरी, की चहाआधी पुस्तक.
पान दहावर काळा अंगठा,
पान चाळीसवर जरा फिकट.
शेवटाला येईस्तोवर हात धुऊन निघालेला.

एक्केचाळीस किलो सहाशे.
वरचे सहाशे ग्रॅम
ग्रीसचेच असतील, मी म्हटलं.
दिलावर हसला. पाच रुपये जास्त दिले.

एक तेवढं त्यानं बाजूला सारलं.
मावशी, ह्याच्यावर शिक्का हाय.
गंगावेशीतलं कुठलंसं वाचनालय,
परतीची तारीख सत्त्याऐंशीची,
खाली ह्यांची सही, वळणदार, निगरगट्ट.

रिक्षा करून गेले.
तिथं आता मोबाईलची कव्हरं टांगलीत.
पोरगं म्हणालं, कुणाला द्यायचंय, काकी?
दंडासाठी सुट्टे बांधून नेले होते,
त्याचे पेरू घेतले.

कपाटात आता एकच पुस्तक.
आमचं नव्हे ते.