दुसरी निरीक्षक

मला एवढंच सांगितलं होतं:
पोहनकर मॅडमच्या कागदाकडे बघायचं नाही.
त्यांनी त्यांचे गुण लिहायचे, मी माझे.
मधे डाळीचा डबा, भिंत म्हणून.
संध्याकाळी दोन्ही कागद शेजारी ठेवून बघायचं,
दोघींनी एकच मूल पाहिलं का.

निळी पट्टी शेणाच्या सारवणावर चिकटेना,
मग मी चुन्याची रेघ ओढली.
मॅडमनी नोंद केली: साधनात बदल.
एका पायावर उभं राहणं, दहा सेकंद.
बारा मणी ओवणं, घड्याळ लावून.
चेंडू झेलणं, दहापैकी किती.
चेंडू पहिल्या दिवशी कुणीच झेलला नाही.
पिवळा, मऊ, नवाकोरा,
पोट्ट्यांनी तो आधी हुंगून पाहिला.

धनोज नान्हे. वय सहा वर्षं, दोन महिने.
मण्यांना एकसष्ट सेकंद. तक्त्यात लाल रकाना.
पण तो नुसता ओवत नव्हता,
दोन लाल, एक पांढरा, दोन लाल,
आणि चुकला तेव्हा तीन मणी उतरवून
पुन्हा पहिल्यापासून.
रंगाचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.
"कायले रे असं?"
"आमचा बाबू जाळ्याले शिसं असंच लावते. दोन लहान, एक मोठा.
नायी त जाळं एकीकडेच बुडते."
मी लिहिला एक. मॅडमनी लिहिला एक.
शेऱ्याला दोनच ओळी होत्या.
तिथे मी तलाव लिहिला, जाळं लिहिलं.
शेरा बेरजेत धरत नाहीत.

त्या रात्री भात टाकता टाकता मी ठरवूनच टाकलं होतं,
हे सगळं शहरातलं खूळ आहे,
सकाळी सांगायचं मॅडमना.
सकाळी त्याच म्हणाल्या, न विचारता,
माझ्या वजनकाट्यावरची धूळ पुसत:
"काटा रोज तेवढंच दाखवतो, ही एक गोष्ट.
काटा वजनच मोजतो का, ही दुसरी.
पहिलीसाठी पंधरा दिवसांनी परत येऊ.
दुसरीचं मलाही माहीत नाही अजून."
मी काही बोलले नाही. चहा ठेवला.

पंधरा दिवसांनी तीच रेघ, परत चुना.
धनोज: अठ्ठावन्न सेकंद.
दोन लाल, एक पांढरा.

मग करिश्मा कुमरे.
तीन वर्षं माझ्या हातची खिचडी खाल्लेली,
सव्वीस जानेवारीच्या नाचात सगळ्यांत हसरी.
उजव्या पायावर दहा सेकंद. डाव्यावर दोन.
मागच्या खेपेला: दहा. दोन.
डब्यापलीकडच्या कागदावर: दहा. दोन.
मागच्याही वेळी: दहा. दोन.
"लाजते जी पोरगी," आई म्हणाली.
मीही हेच म्हणत आले होते.
आणि तेव्हा आठवलं, नाचात मी तिला
कायम रांगेच्या मधोमध उभी करायची, छान दिसते म्हणून.
दोन्ही बाजूंनी कुणाचा तरी हात.

मॅडमनी चंद्रपूरच्या दवाखान्याची चिठ्ठी लिहिली.
आईनं ती पदराच्या गाठीत बांधली
आणि दारातून मागे वळून विचारलं,
"मंग नाचू द्याचं का नायी?"
या प्रश्नाला फॉर्ममध्ये रकाना नव्हता.
मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी मॅडमकडे.
"द्या," आम्ही म्हणालो, थोडं पुढंमागं.

जीप गेली. पोट्टे गेले.
चेंडू विसरून राहिला होता चुलीमागे,
आता त्याला धुराचा वास होता.
मी दार लोटलं, चप्पल काढली,
चुन्याच्या रेघेवर डावा पाय ठेवला,
डाळीच्या डब्यावर नजर,
आणि उजवा उचलला.
पाच. सहा. सातवर
हात आपोआप बाजूला गेला, धरायला.

किती झाले ते मी मोजलं.
पण डब्यापलीकडे
लिहायला दुसरं कुणी नव्हतं.