तिकोनी काच

कुर्ल्याच्या गल्लीत मुस्तकीमभाई
रबराच्या खाचेत सुतळी भरतो,
साबणाचं पाणी शिंपडतो,
म्हणतो, बाहेरून दाबा ताई. हळू. तळव्यानं.
आतून तो सुतळी ओढत जातो
आणि फियाटची नवी काच
ओठ मुडपत मुडपत बसते.

जुनी भिंतीला टेकवलेली.
तिच्यावर वायपरनं कोरलेली कमान,
टॅक्सच्या टोकनचा गोल डाग.

तिकोनी मात्र मिळत नाही कुठेच.
गुलाबी पावडर लावून तो तासभर घासतो.
एक ओरखडा राहतो :
नलूआत्या मनगटानं ढकलून उघडायची ती,
तिच्या पाटलीचा.

"खोल आहे. अजून घासली तर रस्ता वाकडा दिसेल."

राहू दे.

सायनच्या सिग्नलला ऊन तिथूनच आत येतं,
स्टिअरिंगवरच्या माझ्या मनगटावर
एक बारीक रेघ.