एकोण

शटर वर करण्याआधीच
मनात खिळे मोजून होतात.
पहिला : माप आलंय, काच बाकी.
दुसरा : कापून तयार, न्यायला कोणी फिरकलेलं नाही.
तिसरा वाकडा आहे. त्यावर उधारी.

नाना पेठेत, गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांमध्ये
अंग चोरून बसलेलं माझं काचेचं दुकान.
गिऱ्हाईक आत येतं, विचारतं, मालक कुठे आहेत?
मी कटर रॉकेलमध्ये बुडवते. म्हणते, बोला.

नियम एकच :
माप तुम्ही लिहायचं, तुमच्या हातानं, आकड्यात आणि अक्षरात.
त्याची पाटी लावून पाहिली.
या शहरात पाटी वाचतात
ती तिच्यातलं शुद्धलेखन तपासायला.

तरी परवा होनरावांचा फोन :
ताई, लिहून घ्या, घाई आहे, एकोणसाठ बाय चाळीस.
"एकोणसाठ?"
"हो, हो, तेच."
मागे मिक्सर चालू होता.

संध्याकाळी ते परत, काखेत काच, कपाळावर घाम.
"दहा सेंटिमीटर कमी भरते. मी एकोणसत्तर म्हटलं होतं."

जास्त झालेली काच कमी करता येते.
कमी पडलेलीवर आमच्याकडे औषध नाही.

वही होती माझ्यापाशी.
वेळ, चार दहा. आकडा. आकड्याभोवती
पुन्हा विचारून घेतल्याचा माझा छोटा गोल.
ती फिरवून समोर सरकवली असती
तर मी पाच मिनिटांत जिंकले असते
आणि पुढच्या वेळी होनराव
रास्ता पेठेतल्या दुकानात गेले असते.

मी विचारलं, कशाला हवी होती?
"माशाच्या टाकीवर. दोनदा उडालाय बाहेर.
दुसऱ्या वेळी सोफ्याखाली सापडला."
हे सांगताना त्यांचा आवाज उतरला.

मागच्या भिंतीला एक कप्पा आहे, चुकलेल्यांचा.
प्रत्येक काचेवर चिठ्ठी : कोणाची, किती, कधी.
वाघचौरे बाईंनी खिडकीऐवजी चौकट मोजली होती,
तिची पट्टी निघाली, चाळीस लांब, दहाला थोडी जास्त.
पट्टीची कड घासली, सिलिकॉननं मूठ चिकटवली.
"ही उचलायची, खाणं टाकायचं, परत ठेवायची."

होनरावांनी दोन्ही तुकडे दिव्यापुढे धरून पाहिले.
पट्टीचे निम्मे पैसे दिले,
पायरी उतरले, वळले :
"म्हणजे ऐकण्यात चूक तुमचीच झाली ना?"

मी कटर पुसत होते.
एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणसाठ...
आपण मोजतानासुद्धा आधी
काय कमी आहे ते सांगतो,
संख्या मागून येते.

"पुढच्या वेळी व्हॉट्सअॅपवर पाठवा," मी म्हणाले,
"अक्षरात."
उरलेले निम्मे
वाकड्या खिळ्याला अडकवले.