समुद्र न ओलांडता

नागपूरहून दिल्ली, दिल्लीहून ताश्कंद,
पुढे रेल्वेनं बुखारा.
वाटेत कुठंच समुद्र लागला नाही.
एकतीस वर्षं मी फळ्यावर नकाशा टांगला,
निळ्या खडूनं कडा भरल्या,
पोरांकडून आखातं पाठ करून घेतली,
आणि समुद्र अजून पाहिलेला नाही.

पुतण्या म्हणाला, आत्या, जायचंच तर दुबईला जा,
ग्रुपनं जा, वरण-भात मिळतो.
मी म्हटलं, मला कोटाचं गाव बघायचंय.
तो म्हणाला, कोट तर पवनीतही आहे,
रोज त्याच्याखालून भाजी आणतेस.

पहिल्याच दिवशी हरवले.
गल्ली मातीच्या रंगाची,
वळली की परत तीच,
भिंतीला खिडकी नाही, सावलीला ओळख नाही.
फोनमधला निळा ठिपका
एका बंद घराच्या पोटात जाऊन बसला.
तेव्हा पाय दुखले. त्याआधी दुखत नव्हते.

एका दारात बाई पीठ मळत होती.
मी मराठीतच बोलले, दुसरं काय बोलणार?
"दरवाजा," म्हटलं, "शहराचा मोठा दरवाजा."
तिनं मान वर केली. दरवाजा तिला कळला.
मग मी घाईघाईनं होते तेवढे शब्द बाहेर काढले,
बाजार, हवा, किताब, हौद,
सुटे पैसे मोजावेत तसे,
आणि त्यातले बरेच तिथं चालले.
अंगठीच्या बोटाला हात लावून
तिनं विचारलं, तुझा कुठंय?
मी आभाळ दाखवलं.
तिनंही दाखवलं.
पिशवीत भिवापुरी मिरचीची पुडी होती,
चिमूटभर तिच्या तळव्यावर ठेवली.
तिनं हुंगली आणि इतकी शिंकली
की आतून कुणीतरी धावत आलं.

तिथल्या जुन्या घुमटांवर
करकोच्यांची घरटी आहेत, रिकामी.
कात्र्या विकणारा म्हातारा नातवाच्या फोनवर बोलला,
फोन हिंदीत बोलला:
पहले यहाँ बहुत तालाब थे।
तळी बुजवली, बेडूक गेले,
बेडकांमागून पक्षी गेले.
आता त्याची प्रत्येक कात्री करकोच्यासारखी,
चोच उघडली की कापते.
मी एक घेतली. घासाघीस केली नाही,
याचं मला अजून वाईट वाटतं.
ताश्कंदच्या विमानतळावर
हातातल्या पिशवीत सापडली म्हणून काढून घेतली.
गुंडाळलेला कागद तेवढा परत दिला,
व्यवस्थित घडी घालून.

आता जानेवारी.
आमच्या तळ्याचं नाव बालसमुद्र.
समुद्र न पाहिलेल्या कुणीतरी ठेवलं असणार,
किंवा पाहून परतलेल्या कुणीतरी,
ज्याला गावात कुणी विश्वासानं ऐकलं नसेल.
कोटाच्या कडेनं गाळात
एक उंच पांढरा पक्षी उभा होता, लाल पायांचा.
मी काठावर थांबले. छातीत काहीतरी हललं.
दशरथ मेश्राम जाळं झटकत म्हणाला,
"ढोकरी व्हय जी, बाई."
"ढोकरीचे पाय लाल नसतात."
"मंग चिखल लागला असन."

मी त्याला बुखाऱ्याचं सांगितलं.
हौद, भोवतीची तुतीची झाडं,
काठावर मांडलेल्या बाजा, त्यावर बसून चहा.
भिंत सांगितली, मिनार सांगितला,
एकटीनं रात्री दार लावून
खुर्ची आडवी ठेवायची, तेही सांगितलं.
तो ऐकत होता, गाठ सोडवत होता.
मग म्हणाला, "तिकडच्या हौदात मासे कोणते जी?"

बारा दिवस.
रोज संध्याकाळी त्याच काठावर,
त्याच पाण्याकडे तोंड करून.

"नाही रे बघितलं," म्हटलं.

तो हसला नाही. जाळं खांद्यावर टाकलं.
"मंग पुढच्या खेपेला बघा," म्हणाला,
जसं काही ते अड्याळच्या पलीकडे आहे.
पक्षी तोवर उडून गेला होता,
कुठल्या दिशेनं, तेही पाहायचं राहिलं.